बाकावरच्या पाटीतली दोन मोठी अक्षरं

बाबा, आज तुमच्यामुळे माझं दुपारचं जेवण राहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला वैताग द्यायची तुमची सवय काही गेलेली नाही. हॉस्पिटलसमोरच्या पार्कात तुमच्या नावाचा एक बाक बसवायचा आहे. तुमच्या वॉर्डच्या रिटायर झालेल्या सिस्टरने जुन्या पेशंटना गोळा करून हे ठरवलं. पार्क कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, म्हणून पाटीवरचा मजकूर कौन्सिलने पास करायचा, आणि कौन्सिलमधला कुठलाही मजकूर शेवटी माझ्याच टेबलावर येतो. वर तुमचं नाव, त्याखाली 'असोसिएट-स्पेशालिस्ट', त्याखाली 'यांनी इथल्या लोकांची काळजी घेतली'. सगळं इंग्रजीत, पदातला ए मोठा, एस मोठा आणि मधे हायफन. सिस्टरने ते तुमच्या खोलीच्या दारावरून जसंच्या तसं उतरवून घेतलेलं दिसतंय. उद्या सकाळी ते कोरणाऱ्याकडे जायचं आहे. आणि आमच्या नियमात पदांना कॅपिटल नाही. तो नियम मीच लिहिलाय.

कशाला लिहिला असेल, असं आज वाटतंय. ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, अर्धवट टाकून मी कौन्सिलच्या टायपिंगच्या खोलीत लागलो, तेव्हा तुम्ही पाहुण्यांना 'तो लोकल गव्हर्नमेंटमध्ये आहे' असं सांगायचात, जसं काही मी मंत्रीच झालो होतो. शिक्षण अर्धं, म्हणून मला धास्ती; साधा शब्दसुद्धा डिक्शनरीत बघितल्याशिवाय मी पुढे जात नसे. तेवढ्यावरून सगळी पत्रकं माझ्याकडे यायला लागली. आणि काय ती पत्रकं! हाउसिंगवाले 'टेनंट'ला कॅपिटल द्यायचे, कचऱ्याचा विभाग 'बिन'ला द्यायचा. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर टोपी. 'को-ऑपरेशन'मध्ये हायफन हवा की नको यावरून दोन विभागप्रमुख एकमेकांशी बोलेनासे झाले होते. शेवटी माझी बॉस म्हणाली, "हे बघ, असल्या गोष्टींनी या बिल्डिंगमध्ये फक्त तुझी झोप उडते. तेव्हा नियम तूच लिहून टाक."

नियमांची पुस्तिका छापून आली त्या दिवशी मी ती घरी आणली. स्लाऊच्या त्या घरातलं स्वयंपाकघर, आई पोळ्या करतेय, तुम्ही टाय सैल करून आमटी-भात कालवताय. मी पुस्तिका ताटाशेजारी ठेवतो. तुम्ही डाव्या हाताने पान उलटता, मग खिशातून लाल पेन काढता.

"ए-लेव्हल सोडून दिलेला मुलगा इंग्लंडला इंग्रजी शिकवतोय," तुम्ही आईला म्हणता.

"अहो, आधी जेवा. आणि ते पेन ठेवा."

"म्हणजे सर्जन लहान अक्षरात?"

"चीफ एक्झिक्युटिव्हसुद्धा लहान अक्षरात, बाबा. सगळे सारखे. तेच तर आहे."

"ज्याच्याकडे खुर्ची आहे, त्याला लहान अक्षर परवडतं," तुम्ही म्हणालात. "ज्याला ती दिलीच नाही, त्याने काय करायचं?"

मी चिडून म्हणालो, "आणि तुमच्या पदात हायफन नसतो." कॉन्ट्रॅक्टवर नव्हता, हॉस्पिटलच्या यादीत नव्हता. दारावरची पाटी मात्र तुम्ही सांगून तशी करवून घेतली होती.

"तो मी लावलाय," तुम्ही शांतपणे म्हणालात. "नाहीतर लोक पुढचं खातात आणि नुसतं 'असोसिएट' म्हणतात."

मला तेव्हा हसू आलं होतं. कन्सल्टंट म्हणजे सगळ्यात वरचा डॉक्टर; तुम्ही त्याच्या एक पायरी खाली, आणि तिथेच कायमचे. भारतातून आलेल्या तुमच्या सगळ्या मित्रांचं तेच झालं. ज्यांना तुम्ही शिकवलंत ते वर गेले आणि तुम्हाला 'सर' न म्हणता पहिल्या नावाने हाक मारायला लागले. तुम्ही घरी त्याबद्दल कधी बोलला नाहीत. फक्त कौन्सिलला पत्र लिहिलंत की बिनलासुद्धा कॅपिटल द्यायचात. कुणाचा मान आपल्याकडून कमी पडू नये!

आता सांगा, मी काय करू? गेल्या वर्षी एका माजी मेयरच्या बाकावरचं 'मेयर' मी लहान अक्षरात करायला लावलं. त्यांची मुलगी ऑफिसात येऊन रडली. मी तिला पुस्तिकेतलं पान दाखवलं. शेवटी तीच मला 'सॉरी' म्हणाली आणि गेली. आणि आज माझ्याच बापाला कॅपिटल द्यायचं?

बॉसला विचारलं. ती सँडविच खात होती. "अरे, तुझे वडील आहेत. देऊन टाक त्यांना. पार्कात कोण तपासायला येणार आहे?"

"मी जाईन," मी म्हणालो. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मी काही विनोद केला नव्हता.

मग आईला फोन केला. तिला वाटलं मी आजारी आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "त्यांनी तुझ्या बाबांना जन्मभर खालच्या पायरीवर ठेवलं. तू एक अक्षर मोठं ठेवलंस तर काय कौन्सिल बुडणार आहे?"

"दोन अक्षरं आहेत, आई."

"अगदी बापावर गेलायस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी मजकूर पुन्हा समोर घेतला. सगळे सारखे, असं लिहिलं तेव्हा ते मला खरंच वाटत होतं, अजूनही वाटतं. पण बाबा, सगळ्यांच्या टोप्या काढायला निघालो तेव्हा कुणाकुणाच्या डोक्यावर त्या टोपीशिवाय दुसरं काहीच नाही, हे मी बघितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत, पण तुम्ही सांगायचात ते लाल पेन हातात घेऊन, आणि तसं कोण ऐकणार?

मी सही करून टाकली. कुणी विचारलं तर नजरचूक झाली म्हणेन. माझ्याकडून नजरचूक झाली यावर त्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही विश्वास बसणार नाही. त्या मेयरच्या मुलीलाही उद्या फोन करून वडिलांची पाटी मोठं अक्षर कोरायला परत मागवावी लागेल. म्हणजे दुसरी नजरचूक. माझी पुस्तिका आता संपलीच म्हणायची, आणि हे सगळं तुमच्यामुळे.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, ते बरंच आहे. पोचला असता तर लाल खुणा होऊन परत आला असता. तर पाटीवरचा ए मोठा आहे, एस मोठा आहे. हायफन मात्र मी काढला, बाबा. राहवलं नाही.