भिंतीवरची अर्धी गाय

पंप लेन, मार्शबी,
लिंकनशायर.
९ मार्च १९९३

प्रिय हेडली,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? यॉर्कशायरात चढउतार फार, आणि तुझे गुडघे आपल्या सपाटीवर घडलेले. तिकडे त्यांचं काय होणार हे मी सहा वर्षांपूर्वी, तुमचं सामान गाडीत चढत असतानाच सांगितलं होतं. डोरिसचा खोकला गेला का? (माझी बहीण आहे म्हणून सांगतो, ती खोकला लपवते. कुणी विचारलं की पाव तोंडात घालते. लक्ष ठेव.) जॅनेट बरी आहे ना? तिने विणून पाठवलेला स्वेटर मामाला पोचला म्हणावं. दोन्ही बाह्या एका मापाच्या असत्या तर आणखी शोभला असता, पण रोज घालतो. जावईबापू नॉर्मन यांचं पोट काय म्हणतं? आणि मेजरचा मागचा पाय? कुत्र्याची चौकशी शेवटी केली म्हणून त्याने राग मानू नये. तुमच्या घरातल्या पुरुषमंडळींपैकी मला आजवर न दुखावणारा तो एकटाच आहे.

माझं विचारशील तर दात तेवढे नवे आहेत, बाकी सगळं जुनंच. हवा पूर्वेची, कोबी चांगला, मनुक्यांचा पाव भाजणारी मिसेस ब्लॅड्स वारली आणि तिची सून त्यात मनुके मोजून घालते. आता मुद्द्याकडे येतो.

आपल्या वाचनालयात एक भिंत मोकळी होती. चांगली भिंत होती, कुणाला काही त्रास देत नव्हती. ती पिंचबेकबाईंच्या डोळ्यांत भरली. (त्याच त्या, शाळेच्या मोठ्या बाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून रस्त्यात भेटल्या की माझा हात आपोआप खिशातून बाहेर येतो.) त्या भिंतीवर लिंकनशायरचे लेखक आणि कलावंत लावायचे ठरले. तसबिरी, खाली दोन ओळी, आणि मधोमध एक काचपेटी. समिती नेमली. तीत मलाही घेतलं, कारण तेराव्या वर्षी शाळा सोडल्यापासून त्या वाचनालयातलं पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचलेला गावात मी एकटाच. मेंढ्यांच्या रोगांवरचे तीन खंडसुद्धा सोडले नाहीत.

हेडली, ती यादी तू बघायला हवी होतीस. पहिला नंबर कुणाचा, तर ऑगस्टस थ्रिप नावाच्या कादंबरीकाराचा. याचा आपल्याशी संबंध काय? शंभर वर्षांपूर्वी याची गाडी चुकली म्हणून हा एक रात्र स्टेशनजवळच्या हॉटेलात झोपला, आणि रोजनिशीत लिहून गेला की इथलं सूप गार आणि माणसं त्याहून गार. एवढ्यावर तसबीर! दुसरी एक कवयित्री. जन्मली इथे हे खरं, पण अकराव्या दिवशी तिला दुपट्यात गुंडाळून नेली ती परत फिरकली नाही. (बाई म्हणतात, तिच्या कवितांतलं मोठं आकाश हे आपलंच आकाश. अकरा दिवसांच्या पोरीने आकाश बघितलं की दूध प्यायली?) तिसरा एक गवई, त्याची मावशी इथे राहायची. चौथ्याने आपल्यावर विनोद केला होता. एकच विनोद, आणि तोही ऐकलास तर त्याची तसबीर उलटी टांगशील. मी सगळ्यांची पुस्तकं वाचलेली आहेत. थ्रिपची तर सातही वाचली, शिक्षा म्हणून कुणाला द्यायची झाली तर चौथी द्यावी.

मग मी उभा राहिलो. म्हटलं, बाई, या गावात सव्वीस हिवाळे, एकही न चुकवता, धान्यबाजाराच्या हॉलमध्ये नाताळच्या नाटकात लोकांना रडेस्तोवर हसवलं ते कुणी? या थ्रिपने? त्या मावशीने? आपल्या गाईने! बटरकपने! खोलीत एकदम जीव आला. खाटीक टॉम ग्रंडी म्हणाला, "अहो, ती गाय राजकन्येच्या मांडीवर बसली होती त्या वर्षी माझी बायको हसता हसता खुर्चीवरून पडली." पिंचबेकबाई म्हणाल्या, "मिस्टर ग्रंडी, हा साहित्याचा विषय आहे." टॉम म्हणाला, "खुर्चीवरून पाडणारं एक तरी पुस्तक दाखवा की मग."

तुला मी काय सांगू त्या गाईचं? त्या कापडी सोंगात पुढचा भाग तू, मागचा मी. तुला डोकं होतं, डोळ्यांच्या पापण्या ओढायची दोरी होती, नाकपुडीतून वारा यायचा. मला काय होतं? तुझी पाठ. सव्वीस वर्षं कमरेत वाकून, तुझ्या पट्ट्याला धरून, अंधारात तुझ्या मागे चाललो. जगातल्या कुठल्याही माणसाची पाठ मी इतकी जवळून बघितलेली नाही. आणि खेळाच्या आधी लोणच्यातले कांदे खायची तुझी सवय! तू तोंड पुढे करून श्वास घ्यायचास, आणि त्याचं पुढे काय झालं हे मला कळायचं. पण मी कधी पाऊल चुकलो का? तू डावा टाकलास की माझा डावा. खेळ संपला की तू डोकं काढून लवायचास, टाळ्या घ्यायचास, आणि मी आत शेपूट हलवायचो. असो. ही तक्रार नाही. नुसतं लिहिलं.

समितीत गाय पसंत पडली. पण बाईंनी नियम काढला. मेलेल्यांनी परगण्यात एक रात्र काढली तरी पुरे, जिवंतांचा मात्र जन्म इथलाच हवा, नाहीतर उद्या अख्खं गाव भिंतीवर चढेल. (बघ न्याय! मेलेल्याला गार सूप पुरतं, जिवंताला आईची साक्ष लागते.) माझं सरळ होतं, जन्म याच घरात, याच जिन्याखाली. तुझं काढलं आणि घोळ सुरू झाला. तुझ्या जन्माच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते तुला ठाऊक आहे: हंबर नदीत, बोटीवर. तुझी आई बिचारी पलीकडून, यॉर्कशायरातल्या हल शहराच्या बाजारातून परत येत होती, ओहोटीला बोट वाळूत रुतली, आणि तीन तास बोट हलेना म्हणून तू हललास. आता ती वाळू कुणाची? आपली की यॉर्कशायरची? टॉमने भिंतीवरचा नकाशा काढला, दोरा लावला, नदी मोजली. दोन सभा यातच गेल्या. थ्रिप कुठल्या खाटेवर झोपला हे कुणी मोजलं नव्हतं हो!

मी सांगितलं, लहानपणापासून ऐकत आलोय, याची आई सांगायची की कळा येत असताना तिने खिडकीतून कोबीची शेतं बघितली. कोबी म्हणजे आपला काठ. पलीकडे नुसती धुराडी. झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्यात बाईंनी पर्समधून एक कात्रण काढलं. तुमच्या तिकडच्या, हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या बोल्स क्लबचं पत्रक. नवे कप्तान श्री. हेडली मॉ, "जन्माने अस्सल यॉर्कशायरचे, आईने धुराडी बघतच त्यांना जन्म दिला." आणि त्याखाली तुझेच शब्द: "मी सव्वीस वर्षं गाय होतो."

मी गाय होतो! एकट्याने! हेडली, लेका, दोन पायांची गाय कुठल्या परगण्यात असते?

तर समितीने निकाल दिला की नियमात बसणारी फक्त अर्धी गाय, आणि ती मागची. तसबीर माझी, नाव माझं, आणि काचपेटीत माझ्या कपाटातले मागचे दोन पाय, पार्श्वभाग आणि शेपूट. एका बाजूला थ्रिप, दुसऱ्या बाजूला अकरा दिवसांची कवयित्री, आणि मधोमध मी. मला त्याचं काही नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाची पाठ न बघता लोकांसमोर उभं राहायला मिळणार. तुम्ही तुमच्या धुराड्यांत सुखी असा. आमच्याकडे हत्ती गेला, शेपूट राहिलं, आणि शेपटाला काचपेटी मिळाली! उद्घाटन पंचवीस तारखेला आहे. तू यावंस असा आग्रह नाही.

डोरिसला आशीर्वाद, जॅनेटला पापा, मेजरला बिस्कीट.

तुझा मेहुणा,
विल्फ्रेड स्क्रिमशॉ

ता. क. तुमच्या माळ्यावर बटरकपचं डोकं आणि पुढचे पाय असतील. जाताना तू नेलेस. त्यांना कसर लागू देऊ नकोस. पापण्यांची दोरी शाबूत आहे का, सहज विचारतो. काचपेटीची लांबी मी चुकून पूर्ण गाईची सांगितली आहे.

दुसरा ता. क. ते कात्रण बाईंच्या पर्समध्ये कसं गेलं, असं तू विचारशील. डोरिसने मला पाठवलं होतं, कौतुकाने. मीच बाईंना नेऊन दिलं. त्यातला तो "मी" वाचला आणि डोकं फिरलं, हेडली. सव्वीस वर्षं तुझा पट्टा धरला आणि तू मला पत्रकातसुद्धा धरलं नाहीस. दुसऱ्या दिवशी परत मागायला गेलो तर बाई म्हणाल्या, "विल्फ्रेड, पुरावा परत मिळत नसतो." मी खिशातून हात काढून घरी आलो.

तिसरा ता. क. काल माझा अर्धा भाग काढून बघितला. आत शिरलो, वाकलो, आणि स्वयंपाकघरात दोन पावलं टाकली. पुढे धरायला काही नव्हतं. टेबलाखाली सापडलो, मिसेस ब्लॅड्सची सून पाव द्यायला आली तेव्हा. तिला वाटलं, मी मेलो. मेलो असतो तरी नियमाचा प्रश्न मिटला नसता, त्याला मरायला तू हवास. पण खरं सांगतो, ते मागचे पाय एकटे उभे राहत नाहीत. कधी राहतच नव्हते, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

म्हणून शेवटचं. तुझ्या हाताने एक ओळ लिही, की आईने कोबी बघितला होता. बाई म्हणतात, खुद्द तुझ्या सहीचं असेल तरच ते कात्रण रद्द धरतील. तुमच्या क्लबात यॉर्कशायरच्या जन्माशिवाय कप्तान होता येत नाही, हे मला माहीत आहे. ही ओळ लिहिलीस तर ते पद जाईल. मोठी गोष्ट मागतोय, तीही कात्रण देणारा माणूस मागतोय. पण तू डोकं घेऊन हंबरवरच्या पुलावर ये, मी मागचे पाय घेऊन येतो, मध्यावर भेटू. खाली तुझी ती वाळू असेल, ओहोटीला दिसते. तिथून दोन्ही काठ दिसतात. तूच बघ आणि ठरव, कोबी की धुराडी. धुराडी ठरली तरी डोकं तेवढं माझ्या अर्ध्या गाईला बटणांनी जोडून जा. येताना कांदे खाल्लेस तरी चालेल.

समिती पुढच्या गुरुवारी बसते. आमचा पोस्टमन हल्ली आठ वाजता येतो आणि मी साडेसातला दाराशी असतो. लवकर लिही.