आमची एकुलती खिडकी

मँचेस्टर, मार्च १८६१

प्रिय ऊना,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या मार्टिनचा खोकला थांबला का? आईला अजून दिसतं ना? आणि बकरी व्याली का? तीही घरचीच की!

आमचं ठीक चाललंय. हाताला काम आहे. नात किटी तेवढी तापाने पडून आहे, पण काल तिने आपणहून चहा मागितला.

धर्मादाय दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, "आजोबा, औषध नंतर, आधी खिडकी उघडी ठेवा. पोरीला हवा हवी." तुझी वहिनी फणकारली, "मग तुमच्या घरची धाडा, साहेब! इथे खिडकीखाली साऱ्या आळीचा संडास आहे."

तरी त्यांनी ती उघडली. नाकाला रुमाल लावला. मग आपल्याच हाताने लावून घेतली आणि टोपी घालून निघाले.

घरमालकाला सांगून माझी जीभ झिजली. तो म्हणतो, "पटत नसेल तर खोली सोड." सोडून जाऊ कुठे? पलीकडची आळीही अशीच.

तुझ्या डेलियाला इथल्या गिरणीत पाठवू का, झोपायला जागा होईल का, असं तू विचारलंस. तुमचे बटाटे शेतातच कुजले, तेव्हा नको म्हणायला मला तोंड नाही. पण जागा आहे ती किटीच्या अंथरुणातच, ऊना.

उत्तर लवकर लिही. माझं पुढचं पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत मात्र लेकीला बोटीवर चढवू नकोस.

तुझा दादा,
थेडी