लाल गाडीचं मागचं दार

बाबा, दहा दिवसांपूर्वी मी आमच्या फाटकात उभ्या असलेल्या कोऱ्या मोटारीला बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं आणि तुमची आठवण आली, असं सांगणार होते. पण ते बरोबर नाही. आठवण आधी आली, ठोकलं मग. हे लिहून घेते आहे माझी नात, तुमची पणती. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. म्हातारी वाचून पाहणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिचं फावतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे भिलाई तुम्हाला ओळखूच येणार नाही. कोहक्यात आमचं घर आहे, तिथं तुमच्या वेळी धानाचे बांध होते.

तुम्ही रेल्वेत चाबीवाले. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन रोज दुर्गच्या लाइनीवरून चालायचे, रूळ जागेवर धरणाऱ्या चाव्या एकेक ठोकत आणि ऐकत. सैल चाबीचा आवाज वेगळा, तडा गेलेल्या रुळाचा वेगळा. घरी आलात तरी हात थांबत नसे. माठ, टरबूज, पाहुण्यानं आणलेली पितळी गुंडी, सगळ्याला टकटक. आई म्हणायची, "पोरीले पाहाले जवाई येईन, तं त्याचंबी टाळकं ठोकून पाहान तुमी." तुम्ही म्हणायचे, "पाहीन ना. भरीव पाहिजे." माझ्या नवऱ्याच्या बाबतीत तुमचा कान जरा चुकलाच, पण तो बिचारा आता तुमच्याकडेच आहे, तुम्हीच निस्तरा.

तर ही नात दुर्गच्या पुढं एका गावच्या दवाखान्यात नर्स आहे. स्कूटीवर जाते, बाजूनं ट्रक. मागच्या पावसाळ्यात एकदा घसरून पडली, तेव्हापासून ती घरी येईपर्यंत मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसते आणि तिला सांगते की हवा खायला बसले. तिनं स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायचं ठरवलं. झालं, घरात दोन पक्ष. माझा पोरगा, म्हणजे तिचा बाप, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेला. त्याचं म्हणणं, सेक्टर सहामध्ये आमच्या क्वार्टरशेजारी राहणारा एक माणूस आता मोठ्या शोरूममध्ये मॅनेजर आहे, आपलाच माणूस, गाडी तिथूनच घ्यायची.

गेलो तिघं. गार हवा, मऊ सोफा, थंड सरबत. मला "माताजी, माताजी" करून पार देवळात बसवल्यासारखं केलं. पण एक पाहिलं मी. गाडी घेणार पोरगी, प्रश्न विचारते पोरगी, आणि तो उत्तर देतो माझ्या पोराला. "ब्रेक कैसे हैं?" हिनं विचारलं. तो हिच्या बापाकडे वळून म्हणाला, "सर, बिटिया के लिए एकदम सेफ." मी उठून एका गाडीच्या पाठीवर टकटक केलं तर माझा पोरगा कानाशी आला, "आई, लोक पाहून राहिले." मी म्हटलं, "गाडी घ्याले आलो का लोकाईले दिसाले?" पण बसले मुकाट्यानं.

घरी आल्यावर पोरगी म्हणाली, "मी फोनवरूनच घेते." फोनवर म्हणे एक कंपनी आहे. तिला सांगायचं, अमुक गाडी, अमुक रंग. ती रायपूर, बिलासपूर, नागपूर, सगळ्या शोरूमना विचारते, जिथं सौदा चांगला तिथून गाडी काढून घरी पाठवते. मी म्हटलं, म्हणजे बैलबाजारातला दलालच की, फक्त रुमालाखाली बोटं दाबत नाही. पोरगी हसली, "हो आजी, पण हा दलाल मला विचारत नाही की तुझे पप्पा कुठं आहेत." त्यावर माझा पोरगा तावातावानं म्हणाला, "जो माणूस दिसत नाही, त्याच्याकडून गाडी घेशील? काही निघालं तर मले सांगू नको." आणि पंधरा दिवस बापलेक ताटाला ताट लावून बसत आणि माझ्यामार्फत वरण मागत.

मला आपली ती जुनी सायकल आठवत होती, बाबा. तुम्हालाही आठवत असेल. मी नऊ वर्षांची. रेल्वे गँगच्या झोपड्यांपासून शाळा लांब, दुर्गात, म्हणून तुम्ही मला मोहन नगरच्या दुकानात घेऊन गेलात, तुमच्या ओळखीच्याच. लाल रंग चढवलेली जुनी सायकल, हँडलला घंटी. तुम्ही पुढच्या चाकाच्या चिमट्यावर पाना आपटता. मग पाना माझ्या हातात देता. "तू ठोक. आयक. सांग." मी ठोकते. "खणखणीत," मी म्हणते. सायकल घरी आली. पायडल मारत चार दिवस शाळेत गेले. चार दिवसांत बाईंनी रांगेत बसायला शिकवलं, अक्षरं पाचव्या दिवशी काढणार होत्या. चौथ्या दिवशी येताना तो चिमटा तुटला, मी गिट्टीवर पडले, हात मोडला. आई म्हणाली, "पुरे झाली शाळा." सगळी गँग जमली होती. कोणी विचारलं, तुम्ही ठोकून पाहिलं नव्हतं का? तुम्ही म्हणालात, "पाह्यलं होतं. मले खणखणीत वाटली. माया कान गेला आता." ते बोलणं मेटापर्यंत, गँगच्या मुकादमापर्यंत गेलं. ज्याला तडा ऐकू येत नाही त्याला लाइनीवर कोण ठेवणार? तुम्हाला रेल्वेच्या फाटकावर बसवलं. पुढची सगळी नोकरी तुम्ही हिरवी झेंडी धरून काढली. हातोडा दुसऱ्याच्या खांद्यावर गेला.

आता दहा दिवसांपूर्वीचं. गाडी आली, लाल. मोठ्या ट्रॉलीवरून उतरली, बोनेटवर रिबीन. शेजारपाजार जमा. सुनेनं ताट आणलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सोबत आलेल्या माणसानं कागद पुढं केला, "मॅडम, यहाँ साइन कर दीजिए, गाड़ी ठीक मिली." पोरीच्या हातात पेन, डोळे गाडीवर. मी म्हटलं थांबा, आणि गाडीभोवती फिरले, टकटक करत. सगळं टण्ण. मागचं डावं दार, ठस्स. पुन्हा ठोकलं. ठस्स.

"आजी, कशी आहे?" पोरीनं विचारलं. काय तिचं तोंड फुललं होतं, बाबा. आणि पायरीवर तिचा बाप, हाताची घडी घालून, 'मी म्हणालोच होतो' हे ओठावर ठेवून उभा. मी 'खणखणीत' म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? दारच ते, चाकाचा चिमटा नव्हे. क्षणभर जीभ तिकडेच वळली होती. मग म्हटलं, "हे दार ठस्स वाजून राहिलं. सही करू नको."

पोरगी पांढरी पडली. बापाकडे पाहीना. आणि तोच पायरी उतरून आला, आत गेला, फ्रिजवरचं चुंबक घेऊन आला. जन्मभर पोलादात काम केलेला माणूस. इतर दारांना चुंबक घट्ट बसलं. या दारावर घसरून खाली पडलं. "इथं पुट्टी भरली आहे," तो म्हणाला. "कुठंतरी दार ठोकलं गेलं, वरून रंग मारला." सोबतचा माणूस म्हणाला, "साहब, मैं तो ड्राइवर हूँ." पोरीनं फोन लावला. आवाज चढवला नाही, पण हललीही नाही. फोटो पाठवले, चुंबकाचा व्हिडिओ पाठवला, "दूसरी गाड़ी भेजिए, नहीं तो कैंसिल." गाडी रिबिनीसकट परत ट्रॉलीवर चढली. माझ्या पोरानं चुंबक परत फ्रिजवर लावलं. मग म्हणाला, "आपल्या माणसानं हे दार देल्लं असतं ना आई, तं मी काही बोललो नसतो. लाजेनं सही केली असती." आणि त्या दिवशी त्यानं वरण सरळ पोरीकडे मागितलं.

आठवड्यात दुसरी आली. लाल शिल्लक नव्हती, निळी आली. मी चारी दारं, डिकी, बोनेट ठोकलं. सगळं टण्ण. पोरीनं सही केली. काल मला घेऊन गेली, तुमचं फाटक होतं तिथं. आता वरून पूल गेला आहे. खाली थोडा वेळ गाडी उभी केली.

आता लिही पोरी, थांबू नको. बाबा, त्या दिवशी दुकानात पाना देताना तुम्ही हळूच म्हणाला होता, "मले तं ठस्स वाटून राहिली. तुये कान कोवळे हायेत, तू सांग." मलाही ठस्सच ऐकू आलं होतं. पण लाल होती, घंटी होती, आणि दुकानात पोरींच्या उंचीची तेवढीच होती. तुमचा कान गेला नव्हता. माझं खोटं तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःच्या कानावर घेतलं आणि मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. तुमच्या फाटकावर दुपारचा डबा घेऊन यायचे तेव्हा रोज सांगणार होते. डबा ठेवून पळून जायचे.

पोरीनं पेन थांबवलं. "आजी, म्हणून तू शिकली नाही?" मी म्हटलं, शिकले की, त्या दिवशी, लाल गाडीच्या मागच्या दाराशी. ती विचारते, पत्र कुठं ठेवू? म्हटलं, गाडीच्या पुढच्या खणात ठेव, कागदांसोबत. ती गाडी तुमच्या रुळांवरच्या पुलावरून जाईल, तिथून पत्र तुम्हाला जवळ पडेल.

आणि बाबा, निळी चांगली आहे, भरीव आहे. पण तुम्हाला म्हणून सांगते, लालच जास्त छान दिसत होती.