सहा पावलांचा कोना

मुदखेड,
शनिवार, दुपार

प्रिय गणपतमामा,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गेलेलं माणूस कुठंतरी बसून आपलं ऐकत असतं असं आपण मानत नाही. ते तुम्हीच मला शिकवलंत. मग हे पत्र कुणाला? मलाही नीट सांगता येत नाही. पण उद्या सकाळी मैदानावर हात वर होणार आहेत, आणि त्याआधी मला तुमच्याशी बोललंच पाहिजे. दुसऱ्या कुणाशी बोलण्यासारखी ही गोष्टच नाही.

मामा, आपलं फुटबॉलचं मैदान मोडून नवं करायचं चाललंय.

सगळीकडं गवत, सिमेंटची गॅलरी, वर पत्रे, चार बाजूंना दिवे, मुलींना कपडे बदलायला खोली. कागद वरून मंजूर होऊन आलेत. क्लबनं हो म्हणायचं तेवढं राहिलंय. उद्याचा सामना संपला की खेळणारे आणि रोजचे बघणारे, सगळ्यांनी तिथंच हात वर करायचे असं ठरलं. चिटणीस मी. ठराव मलाच लिहायचा आहे. आणि मी तीन दिवस झाले, जेवताना भाकरी मोडतो आणि तशीच हातात धरून बसतो.

महिनाभर कॅन्टीनवर दुसरा विषय नाही. तुमचे रेल्वेच्या गँगमधले जोडीदार बाबूमियाँ एका बाजूला. ते अजून रोज येतात, रुळांखालच्या जुन्या स्लीपरांच्या आपण रचलेल्या पायऱ्यांवर, वरून तिसऱ्या पायरीवर, त्याच जागी बसतात. आणि दुसऱ्या बाजूला कोण असेल म्हणता? तुमची नात. स्नेहल! मुलींच्या टीमची कॅप्टन झाली आहे ती आता.

बुधवारी दोघं असे भिडले की चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला ऐकायला.

"गनपतनं हातानं बनवलेलं मैदान हाय हे," बाबूमियाँ म्हणाले. "त्याला मशीन लावनारे तुम्ही कोन?"

"आजोबांनी मैदान खेळायला केलं चाचा, बघत बसायला न्हाई," स्नेहल म्हणाली आणि तिनं सरळ गुडघे पुढं केले. मुरमानं सोललेले, जुन्या खपलीवर नवी खपली. "हे बघा. आन् एवढं सोलून जिल्ह्याचा एक सामना हितं होत न्हाई. का? तर माप बसत न्हाई. दर वेळी आम्हीच नांदेडची गाडी धरायची."

"माप! अगं, याच मापानं तुझ्या आज्यानं लई टीमा रडवून घरी पाठवल्या."

"तेच तर म्हणून राहिले मी, हितंच फक्त!"

सगळे हसले. बाबूमियाँही हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बेटा, गवत येऊ दे, माझं काय न्हाई. पर गवत आलं की गेट येतंय. गेट आलं की कुलूप. आज कुनाचंबी लेकरू येतंय, चेंडू मारतंय. उद्या चावी कुनाजवळ राहनार, सांग."

खोटं सांगत नाही मामा, मी मनातून बाबूमियाँच्याच बाजूनं होतो. मी म्हणत होतो, हे मामाच्या हातचं मैदान आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांसमोर बोललोही तसं. माझ्या बोलण्यानं चार-पाच जण तरी इकडे आले असतील.

आणि मग गुरुवारी मोजणीचा इंजिनिअर आला.

तिकाटण्यावर यंत्र ठेवून त्यानं चारही कोने बघितले. पुन्हा बघितले. डोकं खाजवलं. मग मला बोलावून म्हणाला, "सर, हे मैदान वाकडं आहे."

रस्त्याकडची बाजू बरोबर. रुळांकडची आखूड. त्यामुळं वरच्या गोलाची रेघ तिरपी. चार मीटरच्या आसपास फरक, म्हणाला. तुमच्या पावलानं सहा पावलं, मामा. एवढा वेळ सगळे तिथंच उभे होते. कुणीतरी म्हणालं, "गणपतमामा त्या दिवशी शिंदी घेऊन मोजत होते वाटतं!" आणि हशा पिकला. तुम्ही आयुष्यात थेंबाला शिवला नाहीत हे त्या हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होतं. तरी हसले. लोभानंच हसले, त्यात वाईट काही नव्हतं.

मामा, मीही हसलो.

त्या हसण्यासाठी हे पत्र लिहितोय.

तुम्हाला आठवतो तो दिवस? मी उमरीकडच्या गावातून शिकून तुमच्या घरी नोकरी शोधायला आलेलो. एकवीस-बावीसचा असेन. बाभळी तोडून झाल्या होत्या, खड्डे बुजवून झाले होते, आणि लांब टेप देतो म्हणालेला माणूस आलाच नव्हता. सगळे म्हणाले, उद्या करू. तुम्ही म्हणालात, "उद्या कशाला? स्लीपरावर चालून चालून माझा पाय पक्का झालाय. एक पाऊल म्हंजे एक स्लीपर. टेपापेक्षा खरा हाय."

खालची रेघ तुम्ही दोरी लावून काटकोनात घेतली. मग तिथून वरच्या गोलाकडं रस्त्याच्या बाजूनं तुम्ही निघालात आणि रुळांच्या बाजूनं मला धाडलंत. आधी अर्धा तास रुळात चालवून माझं पाऊल तुमच्या मापाचं करून घेतलंत. "एकशे साठ. मोठ्यानं मोज. मधी थांबू नको, मधी बोलू नको."

मी मोजत निघालो. शंभर झाले, एकशे दहा झाले. आणि गाडी आली. सिग्नल नव्हता म्हणून पॅसेंजर अगदी हळू सरकत होती. एका खिडकीत एक मुलगी दातात रिबीन धरून वेणी घालत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. एक माणूस रिकाम्या माळावर आकडे ओरडत चाललाय, तर कुणीही बघेल! पण मला वाटलं, मलाच बघते आहे. मी चालत राहिलो, मान तिकडं. गाडी गेली तेव्हा आकडा गेला होता.

कोण होती ती, आजही ठाऊक नाही. हे तुमच्या भाचेसुनेलाही सांगितलेलं नाही.

मी अंदाजानं एक आकडा धरला आणि पुढं मोजलं. एकशे साठला खुंटी ठोकली. तुम्ही पलीकडून हाक दिलीत, "बरोबर हाय का रं?"

"हाव मामा!"

दोनच शब्द. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. भाचा हो म्हणाला, म्हणजे हो.

मग त्या कोन्याची केवढी महती वाढली! बाहेरच्या टीमचा गोलकीपर वरच्या गोलात उभा राहिला की रुळाकडून आलेला कॉर्नर त्याला कळायचाच नाही. तो सरळ रेघ धरून उभा, आणि रेघच तिरपी. चेंडू त्याच्या मागं पडायचा. आपली पोरं तिथंच वाढलेली, त्यांचे पाय आपोआप बरोबर जायचे. टॉस जिंकला की दुसऱ्या हाफात वरचा गोल समोर येईल असं मागायचं, ही क्लबची रीतच झाली. बाबूमियाँ तर म्हणतात, "आपले अकरा न्हाई, बारा खेळतेत. बारावा तो कोना." नव्या पोराला टीममध्ये घेतलं की आधी त्या कोन्यावरची माती कपाळाला लावायला लावतात. लोक म्हणतात, मामाच्या पायाचा गुण आहे.

आणि मी ऐकत आलो. माझी चूक लोक कपाळाला लावत होते आणि मी चिटणीस म्हणून बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त मला माहीत आहे. पण गुरुवारी सगळे पांगल्यावर इंजिनिअरच्या माणसांनी गॅलरीच्या पायासाठी माती बघायला वरच्या कोन्याच्या बाहेर खड्डा घेतला. कुदळ खणकन वाजली. रुळाचा जुना खिळा, जमिनीत उभा ठोकलेला. खोदणारा म्हणाला, भंगार असेल. इंजिनिअरनं सहज यंत्र लावून बघितलं आणि पुन्हा एकदा लावलं. मग म्हणाला, "सर, खरा कोना इथंच येतो. ज्यानं कुणी हा ठोकलाय, त्यानं अगदी बरोबर मोजलंय."

मी वाकून बघितलं. खिळ्याच्या डोक्यावर छिन्नीच्या तीन रेघा होत्या. तुमच्या पहारेवर, घणावर, पाण्याच्या डब्यावरही असायच्या तशा तीन.

मामा! तुम्हाला माहीत होतं?

कधी कळलं तुम्हाला? पहिल्याच रविवारी, फक्की मारताना? त्या भोकं पाडलेल्या डब्यातून चुना सोडत तुम्ही दर आठवड्याला ती रेघ चालत होता. तुमच्या पायाला सहा स्लीपर कमी पडलेले कळले नसतील, असं मी कसं धरून चाललो? तुम्ही एकट्यानं पुन्हा मोजलंत, खरा कोना सापडला, खिळा ठोकलात, वर माती ओढलीत. आणि पुढच्या रविवारी फक्की माझ्याच खुंटीवरून मारलीत! का?

तुम्ही माझा कान धरून एकदा विचारायचं होतंत. "येड्या, कुठं बघून राहिला व्हतास?" एवढं म्हणाला असतात तर मी तिथंच हसून मोकळा झालो असतो. माझा अपमान होऊ नये म्हणून गप्प बसलात? का मी स्वतःहून येऊन सांगेन म्हणून वाट बघत होता? पहिलं असेल तर तुम्ही मला लहानच समजत राहिलात. दुसरं असेल तर मी तुम्हाला लई वर्षं ताटकळत ठेवलं.

नांदेडच्या दवाखान्यातलं ते शेवटचं बोलणं आता उलटंपालटं करून बघतो आहे. मामी खाली औषधं आणायला गेली होती. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "कोना कसा हाय रं?" मला वाटलं, मैदानाचंच विचारताय. मी म्हणालो, "बरा आहे मामा, परवाच फक्की मारली." तुम्ही हसलात. एवढे हसलात की खोकला लागला आणि सिस्टर माझ्यावर ओरडली. तुम्ही मला जागा करून देत होता का मामा? दार अर्धं उघडून धरलं होतं आणि मी चुन्याबद्दल बोलत बसलो.

काल आणि आज सकाळी विहारात वंदना म्हणताना चौथ्या शीलापाशी अडखळलो. खोटं बोलणार नाही, असं जिथं म्हणायचं तिथं. मुदखेडला आल्यापासून ते शील मी रोज म्हणत आलो, आणि ते 'हाव मामा' मात्र तसंच पोटात.

आज सकाळी तिथून निघून मी मैदानावर गेलो. स्नेहल एकटीच कॉर्नर मारत होती. तिला म्हटलं, "समजा, कोना सरळ केला तर तुझा हा कॉर्नर कामाचा राहणार नाही."

"मग दुसरा शिकीन की," ती म्हणाली. "बाहेर गेल्यावर हा तसाबी चालत न्हाई, काका. तिथं सगळे कोने सरळ असतेत. आम्ही घरी जिंकतो आन् भाईर हरतो, ते कशानं, सांगा ना."

काय सांगू, मामा? मी वेणी घालणाऱ्या मुलीकडं बघितलं, त्याचं हे देणं तुमची नात नांदेडच्या गवतावर फेडते आहे.

तेव्हा आता ऐका. उद्या सामना संपला की हात वर करण्याआधी मी बोलणार आहे. सगळ्यांसमोर. कोना मामाचा नाही, माझा आहे. मामा चुकले नव्हते, मी चुकलो होतो आणि खोटं बोललो होतो, हे सांगणार आहे. बाबूमियाँ चिडतील. कदाचित बोलणं सोडतील. कपाळाला माती लावलेली पोरं माझ्याकडं कशी बघतील, त्याची भीती आत्तापासून वाटते. ठराव कोणत्या बाजूनं जाईल, ठाऊक नाही. माझं बोलणं ऐकून लोक रागानंही हात वर करतील, किंवा हट्टानं खालीही ठेवतील. पण माझा हात वर जाईल. मात्र बाबूमियाँचंही मी ठरावात घालणार आहे: मैदानाला कुलूप असणार नाही. ते वाक्य कुणी खोडलं, तर माझा हात तिथंच खाली येईल. दोन्ही बाजूंचं ऐकूनही मन थाऱ्यावर नाही, मामा. नवं मैदान तुमच्यासारखं सगळ्यांना आत घेईल का, याची खात्री मला कोण देणार?

खिळा मी उपटू दिलेला नाही. वर माती लोटून जागेवर वीट ठेवली आहे. इंजिनिअरला सांगितलं, नव्या मैदानाची पहिली दोरी इथूनच बांधायची. तो म्हणाला, "यंत्र आहे सर, दोरी कशाला?" मी म्हटलं, "असू दे."

आणि एक वचन. उद्या लोक जमायच्या आधी, सकाळची पॅसेंजर यायच्या वेळेला, मी रुळांकडच्या बाजूनं पुन्हा चालणार आहे. खालच्या रेघेपासून, स्लीपराच्या पावलानं, मोठ्यानं मोजत. वय झालंय, पाऊल आखूड पडेल, पण घेईन ओढून. गाडी आली तरी मान वळवणार नाही. एकशे साठाव्या पावलाला माझा पाय तुमच्या खिळ्यावर पडेपर्यंत थांबणार नाही. चुकलं तर परत खाली जाईन आणि एकपासून सुरू करीन.

मग तुम्ही पलीकडून विचारा, बरोबर हाय का रं.

तुमचा भाचा,
प्रल्हाद