इत्रिया या नावासह माझ्या मालमत्तेची व्यवस्था

मी, बास्तियाना मुरेद्दु, कै. बाकिस पिरास यांची पत्नी, राहणार ओर्तुले, सार्डिनिया, लिहून ठेवते की माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि गेल्या रविवारपासून माझ्याइतकी आनंदी बाई या डोंगरात दुसरी नाही. यातले शेवटचे वगळा, असे नोटरीसाहेब म्हणाले. मी वगळलेले नाही.

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात अट होती की माझ्या आईचे, म्हणजे इत्रियाचे नाव जो आपल्या मुलीला ठेवील त्यालाच माझे घर मिळावे. ही अट मी कोणाला कळू दिली नव्हती. घराच्या लोभाने ठेवलेले नाव मला जिवंतपणी बघवले नसते.

२. अट का घातली होती ते नोंदवते. आमच्याकडे नाव निवडत नाहीत, ज्याचे त्याला परत करतात. पहिल्या मुलीवर बापाच्या आईचा हक्क, दुसरीवर आईच्या आईचा. पण घरात कोणी नुकतेच गेलेले असेल तर त्याचा हक्क सर्वांत आधी, कारण गेलेल्या माणसाजवळ नावाखेरीज काही उरत नाही. मी गरोदर असताना माझी आई गेली. मला मुलगी झाली. सासूबाई ठणठणीत होत्या, तरी त्याच म्हणाल्या, इत्रिया ठेवा.

त्या काळी बाळंतीण बाप्तिस्म्याला जात नसे. बाळाला चर्चमध्ये न्यायची धर्ममाता, आणि पाद्रींना नाव सांगायचेही तिनेच. आमची धर्ममाता होती माझी नणंद लुस्सोरिया. ती परत आली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घे वहिनी, तुझी ग्रेका."

"ग्रेका? अहो वन्सं, मी तुम्हाला काय सांगून पाठवलं होतं?"

"आईची आठवण आली गं. तोंडातून तिचंच नाव निघालं."

सासूबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. तिथूनच ओरडल्या, "आठवण काढायला मी मेले नाही अजून, लुस्सो!"

पण डोक्यावर पाणी पडले की नाव बदलत नाही. पुढे मला मूल झाले नाही.

३. भट्टी, लाटणी आणि भाकरी काढायचे लांब दांड्याचे फावडे ग्रेकाला द्यावे. आमची पातळ भाकरी भट्टीत फुगते, आणि फुगताक्षणी बाहेर काढून, कडेने चिरून तिचे दोन पापुद्रे वेगळे करावे लागतात. हे एकटीला जमत नाही. म्हणून मी आणि लुस्सोरिया इतकी वर्षे एकाच भट्टीपुढे बसलो. "फुगली", "काढा", "जळेल" याखेरीज आमच्यात बोलणे नव्हते. भाकरी मात्र गावात आमचीच चांगली. ग्रेकाने एकटीने भाजायला बसू नये, जोडीला कोणीही घ्यावे, भांडण असले तरी चालेल.

४. नावांबद्दल. माझ्या नवऱ्याचे नाव, बाकिस, दारूच्या जुन्या देवावरून आले म्हणतात. तो वाइनला शिवत नसे. ते नाव ज्याला हवे त्याने घ्यावे, फार जपून वापरलेले आहे. ग्रेका म्हणजे ग्रीस देशची बाई. इत्रियाही ग्रीकांकडूनच समुद्रावरून आमच्याकडे आले, ते मरियामातेचे नाव, वाट दाखवणारी. माझ्या मुलीला मी तिच्या नावावरून कधी टोचून बोलले नाही. ते तिला शोभते.

बास्तियाना, म्हणजे पूजनीय, हे माझे नाव मी कोणालाही ठेवत नाही. मार्चमध्ये ग्रेकाला उशिराने दुसरी मुलगी झाली. थोरली तिच्या सासूच्या नावाची आहे. दवाखान्यात ग्रेका म्हणाली, "आई, आता तुझी पाळी. हक्काचं आहे तुझं."

"माझं नको. माझ्या आईचं ठेव."

"मग तुझं कोण ठेवणार?"

"या गावात डोळे मिटून दगड मारलास तरी एखाद्या बास्तियानाला लागेल. माझी काळजी करू नकोस."

तिने बाळाला दुपट्यात गुंडाळले. मग म्हणाली, "तुझ्यासारखी मी घरी बसणार नाही. नाव मीच सांगेन."

५. गेल्या रविवारी पाद्रींनी विचारले, "बाळाचं नाव काय ठेवता?" ग्रेका इतक्या मोठ्याने "इत्रिया" म्हणाली की बाळ दचकले आणि मागच्या बाकावरचे म्हातारे जागे झाले. मी उभी होते. बसून ऐकण्यासारखे ते नव्हतेच.

बाहेर आल्यावर लुस्सोरिया म्हणाली, "पोरीनं जरा हळू सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी काही बहिरी नाही."

"हळू सांगितलेलं नाव आपल्या घरी पोचत नाही, वन्सं."

ती हसली. मलाही हसू आले. ग्रेकाच्या बाप्तिस्म्यानंतर भट्टीबाहेर आम्ही प्रथमच बोललो.

६. घर आणि मागची ऑलिव्हची झाडे कोणत्याही अटीशिवाय ग्रेकाला. पोस्टातल्या शिलकीतून आधी माझ्या आईच्या थडग्यावरची झिजलेली अक्षरे नव्याने कोरून घ्यावीत. उरेल ते दोन्ही नातींना सारखे.

७. लुस्सोरियाला या कागदाने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला वाटा देता येत नाही असा कायदा आहे, आणि मला साक्षीदार म्हणून तीच हवी होती, म्हणजे हे सगळे शेवटपर्यंत तिला ऐकावे लागेल. माझी चांदीची बटणे मी आजच, जिवंत हाताने, तिच्या ब्लाउजला लावून दिली. बाळाला ती "ही", "पोरगी", "ठमी" म्हणते. इत्रिया हे नाव अजून तिच्या तोंडी आलेले नाही. मी जबरदस्ती करणार नाही. मी जिंकले आहे, आणि जिंकलेल्या माणसाला घाई नसते.

वरील मजकूर मोठ्याने वाचून झाल्यावर सही करते.

ओर्तुले, ११ जून २०१९

बास्तियाना मुरेद्दु

साक्षीदार:

दियेगा कोरोंजु, शेजारीण

लुस्सोरिया पिरास, इत्रियाची आत्याआजी