बेंबीवाल्या गोटीची बोली

घरची ओसरी, ता. पलूस
शुक्रवार, दुपारचं जेवण झाल्यावर

जिवाभावाचे मित्र आणि (माझ्या लग्नापासून) मेहुणे नाथाजीराव यांना आकारामचा पोटातून रामराम.

सुरुवातीला नावापुढं 'राव' लावला, तो आता उतरवून ठेवतो, कारण तुझ्याशी आदरानं लिहायला बसलं की माझा हात चालत नाही. गुडघा कसा आहे? पाटणच्या ओल्या हवेत तो फार ठणकतो असं तुझ्या सुनेनं फोनवर सांगितलं. (गुडघा अगदी बरा आहे, असंही सांगितलं असेल. मला निम्मंच ऐकू आलं.) इकडं आम्ही खुशाल. तुझी बहीण राहीबाई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, लेक जयराज पलटणीत खुशाल आहे. माझे कान तेवढे कामातून गेले. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलंय. त्यासाठी राहीबाईनं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली रेडी विकली आणि सगळे पैसे माझ्या खात्यावर ठेवले. म्हणाली, "आवं, तुमास्नी हाका मारून माझा घसा बसला. आधी मशीन आणा, मग मी काय ती बोलते." हे तिनं तीनदा सांगितलं, तेव्हा एकदा कळलं. पुढच्या आठवड्यात सांगलीला जायचं ठरलंय. ते असो.

पत्र लिहायचं कारण फार आनंदाचं आहे. आमची सून क्रांती माहेरी पाचगणीला जायच्या आधी एका दुपारी मी तिला तुझा नेम वर्णन करून सांगत होतो. शाळेमागच्या पटांगणात तू मधल्या बोटाचं धनुष्य करून गोटी सोडायचास आणि लिंबाखालची गोटी नुसती उडायची नाही, तर दोन फाका होऊन पडायची, ते सगळं. (माझ्याच गोट्या फुटायच्या, पण बघायला इतकं छान वाटायचं की मी दुसरी आणून मांडायचो.) पोरगी ऐकत होती आणि ऐकता ऐकता मोबाईलवर काहीतरी शोधत होती. मग तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. नाथाजी, तुला खोटं वाटेल, पण जगात जुन्या काचेच्या गोट्यांचा लिलाव होतो! रोज होतो. मोठमोठी शिकलेली, टक्कल पडलेली माणसं समुद्रापलीकडून गोट्यांवर बोली लावतात. आपल्याला गोट्यांपायी मास्तरांनी वेताच्या छड्या मारल्या, त्याच विषयात तिकडं माणसं जाणकार म्हणून मिरवतात. मला एकदम भरून आलं.

किमती परदेशी पैशात होत्या. क्रांतीनं त्या रुपयांत सांगितल्या आणि मी समजायला सोपं म्हणून जनावरांत बसवल्या. साधी गोटी एका कोंबडीला जाते. जरा बरी, आत रंगाचा पीळ असलेली, ती दोन करडांच्या शेळीला. त्याच्या वर गेलं की जर्सी गाय. आणि एक गोटी मी माझ्या डोळ्यांनी खिलारी बैलजोडीला जाताना पाहिली, वर शिंगांच्या पितळी शेंब्यांचे पैसे वेगळे सुटले असते. एवढीशी गोटी, दाढेखाली धरली तर दिसणार नाही!

मला वाटलं, ही माणसं खुळी असणार. पण चार दिवस रोज बघत गेलो तसं कळलं, की खुळे आपण होतो. जुन्या गोट्या हातानं घडवलेल्या. जर्मनीतले कारागीर रंगीत काचेच्या कांड्या भट्टीत मऊ करून त्यांना पीळ द्यायचे आणि मग एकेक गोटी कातरीनं कापून काढायचे. कापलं की टोकाला एक खरखरीत ठिपका राहायचा. बाळाची नाळ कापल्यावर बेंबी राहते ना, अगदी तशी. जिला बेंबी आहे ती माणसाच्या हातची, आणि तिला किंमत. बिनबेंबीची असली तर ती यंत्राची, तिला कोंबडीच्या वर कोणी नेत नाही. मी आता भिंग घेऊन आधी बेंबी बघतो. (परवा शेजारच्या हरणाबाईंनी विचारलं, आकाराम भाऊ काय बघतायत? राहीबाईनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण दोघी बराच वेळ पदर तोंडाला लावून होत्या.)

एकच गोष्ट पटली नाही. जिच्याशी कोणी कधीच खेळलं नाही, ती गोटी तिकडं सगळ्यात महाग. एक टवका उडाला की गाईची शेळी होते. म्हणजे तुझ्या हातानं फोडलेल्या माझ्या सगळ्या गोट्या, ज्यांच्यावर आपलं सगळं बालपण गेलं, त्यांना तिथं कोणी उभं करणार नाही. त्या भावानं तू आणि मी तरी कुठल्या किमतीचे उरलो सांग. पण राग धरला नाही. ज्यानं त्यानं आपापली पारख करावी.

आता मुख्य गंमत. एका गोटीखाली कोणाचीच बोली नव्हती. आपल्या जत्रेतला लिलाव तुला माहीत आहे. देवाला आलेला नारळ, पातळ, केळीचा घड मांडला की वस्तू बोलीवाचून उघडी पडू द्यायची नाही, म्हणून एखाद्या वडीलधाऱ्यानं पहिली बोली बोलायची. गेली कैक वर्षं तो मान माझा आहे. मी तोंड फोडतो, मग वरची आळी चढते, खालची आळी चढते, आणि वस्तू दुसराच कोणी वाजत-गाजत घरी नेतो. मला आजवर एक नारळसुद्धा घ्यावा लागलेला नाही. तोच धर्म मी इथं पाळला. उघडी गोटी दिसली की पहिली बोली माझी. आणि खरोखर, मागून कोणी ना कोणी चढायचंच. माझ्या हाताला यश आहे असं वाटून मी रोज सकाळी देवपूजा झाली की दोन-चार गोट्यांना तोंड फोडून द्यायचो.

मग ही एक आली. नाथाजी, काय सांगू तुला तिचं रूप! आरपार स्वच्छ काच, मधोमध पांढऱ्या धाग्यांचा पिंजरा, आणि बाहेरून तांबडी, निळी, पिवळी पट्टी अशी वळत गेलेली, जसा कोणी नव्या लुगड्याचा काठ पिळून काचेत बुडवला. खाली-वर दोन्हीकडं बेंबी. शंभर वर्षांपूर्वी कोण्या माणसानं भट्टीपुढं घाम पुसत ती केली, आणि करताना त्याला ठाऊक होतं की एखादं पोर ही मातीत लोळवणार आहे. तरी त्यानं हात राखला नाही. मी त्या माणसाला मनात दंडवत घातला. विकणारी एक विधवा बाई आहे, नवऱ्याचा संग्रह विकतेय. बोली कुणाचीच नव्हती. सुरुवातीचीच किंमत एका पोसलेल्या रेडीएवढी होती, पण देवापुढं मांडलेली वस्तू समजून मी तोंड फोडलं. बाईनं आभाराचा निरोप धाडला. मोबाईलनं तो मराठीत करून दाखवला, आणि मीही तिला कळवलं, 'ताई, काळजी करू नका, मी आहे.'

त्याला आज चौथा दिवस. मागून कोणीही चढलेलं नाही. लिलाव रविवारी संध्याकाळी संपतो. खात्यात पैसे आहेत ते तेवढेच, माझ्या कानांचे. तरी मी अगदी निवांत आहे. तू काही काळजी करू नकोस. तुला नुसतं गोटीचं कौतुक कळावं, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
आकाराम

ता. क. १. निवांत आहे असं वर लिहिलंय, ते वाचू नकोस. गड्या, तुझी नात साक्षी मोबाईलमध्ये हुशार आहे. तिच्याकडून त्या गोटीवर माझ्यापेक्षा एक पायरी वरची बोली लाव. तुझ्यावर नक्की कोणीतरी चढेल. (न चढलं तर गोटी सुंदर आहे, हे मी वर लिहिलेलंच आहे.) बाईला शब्द दिलाय, माघार घेता येत नाही. रेडीची गोटी झाली हे तुझ्या बहिणीला कोणत्या तोंडानं सांगू?

ता. क. २. शनिवार. हे कागद मोबाईलवर फोटो काढून धाडायचे होते, पण दर फोटोत माझा अंगठाच येतोय, म्हणून पत्र अजून इथंच आहे. पण आनंदाची बातमी! सकाळी कोणीतरी चढलं. मी सुटलो. देवापुढं साखर ठेवली. मग दुपारी जेवण जाईना. ती गोटी दुसऱ्याच्या घरी जाणार, हे काही सोसवेना. चहाच्या वेळी मीच परत एक पायरी चढलो. मला काहीही म्हण.

ता. क. ३. रविवार, सकाळ. आधीचं सगळं खोडलं असं समज आणि बोली लावू नकोस. समोरचा माणूस सापडला. मी इथं ओसरीवर बटण दाबलं, की आत स्वयंपाकघरात काहीतरी आपटतं. दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा आपटलं. दारातून हळूच बघितलं, तर तुझी बहीण चुलीपुढं मोबाईल घेऊन बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी चार-पाच दिवस त्या गोटीकडं बघत बसतोय हे तिनं पाहिलं होतं. क्रांतीला फोनवर सांगताना मी ऐकलं, की तिच्याकडूनच शिकून घेतलंय, आणि म्हशीच्या दुधाचे साठवलेले पैसे घेऊन ती गोटी माझ्यासाठी आणायला निघालीय! माझ्या कानांच्या पैशाला हात लागू नये म्हणून! असल्या बाईला काय म्हणावं ते मला या वयात सुचत नाही. आता मी थांबलो तर तिचं दूध गेलं, ती थांबली तर माझे कान गेले, आणि आम्ही दोघंही थांबत नाही म्हणून तिकडं ती ताई जर्सी गाईपर्यंत पोचलीय.

तू तिचा थोरला भाऊ, तुझं ती ऐकते. अंगठा बाजूला ठेवून आता फोटो जमलेत, ते मिळताच फोन कर आणि तिला थांबव. समोर मी आहे हे मात्र सांगू नकोस, तिला तो जर्मनीतला कोणी मुलखाचा हावरा वाटतोय. आणि जमलं तर एवढं सांग, की त्याला सारखं मुडदा, वाळल्या लाकडाचा, असं म्हणू नकोस. बापड्याला मशीनशिवाय सगळं ऐकू जातंय.