एका हाताचं औषध

माय, तुझी नात बाळंतपणाला आली ती अजून इथंच आहे. तिची पोर पाच महिन्यांची झाली. काल डॉक्टरांनी त्या पोरीला हाडांसाठी औषध दिलं, डी जीवनसत्त्व म्हणे, आणि ती बाटली हातात घेतल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. एवढीशी बाटली, आत काचेची नळी, वर रबराचा फुगा. वास कसलाच नाही. मी दोनदा हुंगून पाहिली तर तुझी नात हसते, "आई, अत्तर हाये का वं थे?" तिला काय सांगू? तिला काही आठवत नाही, आठवायला ती होतीच केवढी. म्हणून तुला सांगायला बसले. मला लिहायचा कंटाळा. दोन इयत्ता झाल्या आणि मी शाळेत जाणार नाही म्हटलं, तेव्हा तू शेणाच्या हातानंच पाठीत धपाटा घातला होतास. त्या दोन इयत्तांत बाईंनी छडी मारून 'मले'चं 'मला' करून घेतलं, तेवढं लिहिताना उरलं. बोलताना मी अजून 'मले'च म्हणते.

तू मला अकोल्याला दिलंस आणि सगळ्या चांदूर बाजारात सांगत फिरलीस, पोरगी मोठ्या घरी पडली म्हणून. मोठं घर म्हणजे काय ते मला आत आल्यावर समजलं. सुनेनं ओसरीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. पाणी गडी आणणार, बाजार गडी करणार, आणि बाई माणसानं गोषात राहायचं. तुझ्या घरी कपाशी वेचायला मी सगळ्यांच्या पुढं असायची, मान काळी कुळकुळीत. इथं दोन वर्षांत वांग्याच्या देठाखालच्या सालीसारखी पांढरी पडले. तुझी ही नात झाली तीही त्याच अंधारात वाढली. बाहेर काढली की नजर लागेल, म्हणून कोणी काढू देईना. दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. डोकं सदा घामानं ओलं, मनगटं जाड, पाय विळ्यासारखे वाकलेले. सासूनं ताईत बांधले. मी गप्प होते. माझं गप्प राहणं म्हणजे कसं, तुला माहीत आहे, भांडी आपटत.

अखाजीच्या सणाला मी माहेरी आले. तू पोरीला मांडीवर घेतलंस, पाय सरळ करून पाहिलेस, आणि मला म्हणालीस, "हे लेकरू हाये का अंधारातला कांदा? कोंब फुटला, रंग नाई." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं अमरावतीला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला पाहिल्याबरोबर सांगितलं की मुडदूस आहे. माशाच्या तेलाची बाटली दिली, रोज एक चमचा, आणि सकाळचं कोवळं ऊन उघड्या अंगाला. तू लगेच विचारलंस, "बाई, तेल देल्लं तुमी, ऊन कोन्त्या दुकानात भेटते थे बी लिहून द्या. इच्या सासरी नाई भेटत." ती बाई इतकी हसली की पेन खाली ठेवलं. मी मात्र लाजेनं अर्धी झाले. आज तेच हसणं आठवून मला एकटीला हसू येतं आणि मग बराच वेळ काही करवत नाही.

पण सासरी नुसती उन्हाचीच अडचण नव्हती, माशालाही जागा नव्हती. घर माळकऱ्यांचं. कांद्याचा वाससुद्धा सासू मोजूनमापून सहन करी. मी ती बाटली पेटीत लुगड्यांच्या घडीत लपवली आणि रोज दाराआड पोरीच्या तोंडात चमचा रिकामा करू लागले. सासू नाकाला पदर लावून फिरायची. "हा वास कुठून येऊन राहिला वं?" मी म्हणायची, "नालीचा हाये." ती नालीत राखेवर राख टाकत राहिली. दोन महिन्यांत पोर खाट धरून उभी राहायला पाहू लागली. मला वाटलं जिंकले. आणि मग एकाएकी सगळं उलटं फिरलं. पोर जेवेना. पोटात काही ठरेना. शौचाला होईना. पाणी मात्र एवढं पिई की लोटा सोडेना, आणि पाणी पिऊन पुन्हा मान टाकी. खाट धरणं बंद झालं. मी तुला निरोप धाडला. तू दुसऱ्या दिवशी दारात, हातात पिशवी, पायावर मोटारीची धूळ. पोरीला पाहून तुझं तोंड कसं झालं ते मला अजून दिसतं. तू पिशवी खाली न ठेवताच पोरीचं पांघरूण गोळा करायला घेतलंस.

अमरावतीला निघालो तर सासूही बैलांच्या दमणीत येऊन बसली. तू म्हणालीस, "इहीनबाई, तुमी काऊन तरास करता?" तर म्हणाली, "माही नात हाये." दमणीला पडदा लावून टेसनावर गेलो. गाडीत तिघी एका बाकावर, पोर माझ्या मांडीवर चिंधीसारखी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय देता हिला? सगळं ठेवा इथं." मी सासूकडं न पाहता पेटीत लपवलेली ती बाटली पदराआडून काढून टेबलावर ठेवली. आता घर डोक्यावर घेणार ही, असं मी धरूनच चालले होते. तर सासूनं हळूच ओच्यात हात घातला आणि एक लहान निळी बाटली काढून माझ्या बाटलीशेजारी ठेवली. माझं तोंड उघडं ते उघडंच. ती खाली पाहून म्हणाली, "ही दाराआड पाजते, मले दिसत नाई का? तेवढ्यानं काय होते, म्हणून भावाजवळून नागपूरहून आणवलं. त्यानं सांगतलं, तेलापक्षा भारी हाये. माळ माह्या गळ्यात हाये, लेकराच्या थोडीच."

"किती देता?"

"एक चमचा. ही चमचाच देते नं."

डॉक्टरीणबाई बाटली उजेडाकडं धरून वाचत राहिली. मग म्हणाली, "हे थेंबांचं औषध आहे हो. थेंबांचं! दोन्हींना माशाचा वास येतो म्हणून दोन्ही एक होतात का?" आणि तेवढ्यात तू पिशवीत हात घालून तिसरी बाटली काढलीस, नवी, बूच न फोडलेली, माझ्यासाठी आणलेली. ती बाई डोक्याला हात लावून खुर्चीत मागं टेकली. तीन बायका, तीन बाटल्या आणि मधे ते एक लेकरू. तिनं आम्हाला झोडलं, पण समजावूनही सांगितलं. पाणी जास्त झालं तर अंग ते टाकून देतं, हे टाकून देत नाही, साठवत जातं. साठलं की भूक मारतं, गुर्द्याला धरतं. आजपासून सगळं बंद, ऊनसुद्धा काही दिवस बंद, दूध कमी, पाणी भरपूर, आणि पोर दवाखान्यातच राहील. जगेल का, हे मी विचारलं नाही. तू विचारलंस. ती म्हणाली, "वेळेवर आणलीत."

त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला जे बोललीस ते मी विसरलेली नाही. "बिब्बा टाचेले लावला त दवा, गालाले लावला त जखम. एवढं तुले मी शिकवलं नाई का? अन् औषध एकाच हातानं द्या लागते. दोन हातं लागले का मायेचं बी जहर होते." मी म्हटलं, हो, आता मीच देईन. तू म्हणालीस, "तू नाई. इहीनबाई देतीन." मी पेटले. माझी पोर, माझी माय, आणि माझ्या मायनं माझ्या पोरीची बाटली उचलून सासूच्या हातात दिली! सासूलाही कळेना. तू तिला एवढंच म्हणालीस, "बाई सांगतीन तवा, सांगतीन तेवढं, तुमी द्या. आमी दोघी हात लावनार नाई." मी तुझ्याशी पुढं दोन दिवस धड बोलले नाही.

मला समजायला महिना लागला. पोर तरतरीत झाली, बाईंनी फक्त चमच्याचं तेल पुन्हा थोडं सुरू केलं, आणि बाटली सासूच्या हातात म्हणजे उघड्या फडताळात आली. पेटी नको, दार नको, नाली नको. नातीला ऊन द्यायचं तर तेही आता सासूचंच काम झालं. तिनं घरावरच्या सपाट मातीच्या धाब्यावर खाटा उभ्या केल्या, त्यांवर लुगडी वाळत टाकली, आणि त्या आडोशात नातीला घेऊन बसू लागली. कुरड्या घालायला हात पाहिजे म्हणून मलाही वर बोलावलं. गोषाही राहिला आणि ऊनही आलं. तू एक शब्द न भांडता माझ्या घरात सूर्य आणून ठेवलास, माय.

पुढं एकदा नातीला पाहून परत जाताना तू मोटारीला निघालीस तेव्हा मी आतल्या दारापर्यंतच येऊ शकले. तू मागं वळून म्हणालीस, "सकाळी बैलं गेले का मी आपल्या धाब्यावर बसतो. तू तुह्या धाब्यावर बस. ऊन काही दोन नाईत." मग रस्त्यावर तुझ्या चपला वाजल्या आणि वाजायच्या बंद झाल्या. मी तुला शेवटचं पाहिलं ती तुझी पाठ.

पोरीनं पहिलं पाऊल धाब्यावरच टाकलं. कुरड्यांची खाट सोडून सासूकडं गेली, चार पावलं, आणि तिच्या मांडीवर आदळली. सासू रडली, मी रडले, गड्याला तुझ्याकडं निरोप घेऊन पाठवलं. तर वाटेतच त्याला तुमचा माणूस भेटला, तू गेल्याचा निरोप घेऊन येणारा. तू गेलीस तेव्हा अकोलं मध्यप्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, आता महाराष्ट्र म्हणतात. इतकं सगळं हललं, पण माझा तो निरोप अजून रस्त्यातच आहे. तुझी नात चालली, माय. डावा पाय थोडा वाकडा राहिला, पण चालते कशी म्हणशील तर तुझ्यासारखी, समोरच्याला ढकलत.

आज तिचे हात पिठात होते. म्हणाली, "आई, आज तू पाज नं थेंब." मी म्हटलं, "हात धू अन् तूच पाज." "कशी वं तू, एवढं बी नाई होत?" तिनं नळीत थेंब घेतले, पोरीनं चुटुचुटु चाटले, आणि माझे दोन्ही हात मांडीवर नुसते पडून होते. हात रिकामे ठेवायला एवढं बळ लागतं हे मला तेव्हा कुठं माहीत होतं. मी तुझ्यावर फुगून बसले होते, आणि तू तुझ्या मांडीवर हात ठेवून.

हा कागद चांदूर बाजारला धाडला तर वहिनी वाचेल आणि गावभर करेल. म्हणून कुठं धाडायचा नाही. आता घरात गोषा उरला नाही, सासूही गेली, तरी मी रोज सकाळी धाब्यावर जाऊन बसते. सगळ्यांना सांगते, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी ऊन सांगितलंय. माय, माझे गुडघे दुखत नाहीत.